एकच बार: ठासणीची बंदूक आणि हरणाची शिकार

ऑगस्ट महिना आला की फ्रीमाँटच्या आसपासच्या डोंगरपट्ट्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मग एखाद्या मराठी घरात प्रश्न येतो, "आई, मित्राचे बाबा ठासणीच्या बंदुकीने शिकार करतात. मी जाऊ त्यांच्याबरोबर?" हो किंवा नाही म्हणण्याआधी ही बंदूक काय असते, ते पाहू.

ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरतात. आधी मापाने दारू ओतायची. ही काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. मग तेलकट चिंधीत गोळी ठेवून ती गजाने थेट दारूला टेकेपर्यंत ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. ठिणगी देणारी टोपी अगदी शेवटी बसवायची. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतो, तेव्हा हेच क्रियापद वापरतो. आणि दारू ओली झाली की 'फुसका बार'! तसं झालं तर बंदूक लगेच खाली घ्यायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबायचं, कारण बार उशिराही उडू शकतो.

एक बार काढला की पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट जातं, तोवर हरीण दिसेनासं होतं. साध्या माशीवर नेम धरणारे बरेच शिकारी शंभर यार्डांच्या आतच बार काढतात. नेम चुकून हरीण जखमी झालं, तर ते तडफडत दूर जातं. म्हणून खात्री नसेल तर बार न काढणं, हीच या शिकारीची खरी शिकवण. कॅलिफोर्नियात काही हंगाम फक्त अशा बंदुकांसाठी राखीव असतात आणि त्यांचे परवाने सोडतीने मिळतात.

आपल्या शहराला ज्याचं नाव मिळालं, त्या जॉन फ्रीमाँटच्या 1840 च्या दशकातल्या मोहिमांत ठासणीच्या रायफलीही होत्या. तेव्हा गोळी शिशाची असे. आता शिकारीत ती चालत नाही. शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी खाऊन काँडर गिधाडांना शिशाची विषबाधा होते, म्हणून 1 जुलै 2019 पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या गोळीला बंदी आहे. परवान्यासाठी शिकारीचं प्रशिक्षण लागतं, आणि 12 वर्षांखालच्या मुलांना हरणाचा परवाना मिळत नाही. मिशन पीकसारख्या प्रादेशिक उद्यानांत शिकार करता येत नाही.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांनी विशेष जपावं. संघराज्याचा कायदा त्यांना बंदूक बाळगू देत नाही; शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे. म्हणून 'जरा हातात धरून बघ' असं कुणी म्हटलं, तरी आधी वकिलाला विचारा.

सुट्टीत गावी गेल्यावर मात्र इथला नियम डोक्यातून काढून टाका. सिंधुदुर्गात अजूनही काही शेतकऱ्यांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, आणि निवडणूक आली की त्या अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तो परवाना शिकारीचा नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर मारणं हा गुन्हा आहे. 'अमेरिकेत चालतं' हे तिथे उत्तर होत नाही.

तर मुलाला 'हो' म्हणायच्या आधी त्या मित्राच्या वडिलांना चार गोष्टी विचारा: परवाना कुणाच्या नावाचा? जागा कुणाची? मुलं कुठे उभी राहणार? बंदूक आणि दारू घरी कुलपात असते का? सरळ उत्तरं देणारा शिकारी या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरं पटली नाहीत, तर मुलाला घरीच ठेवा.