इंग्रजीचा गृहपाठ आणि मुलाच्या मनावरील भार

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी पाचव्या इयत्तेपासून शिकविला जात असे. सन २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून तो पहिलीपासून सुरू झाला. त्यामुळे खेड्यातील मुलाच्या कानांवर ही भाषा लहानपणीच पडू लागली, हा लाभ मोठाच होय. परंतु तिचा गृहपाठही त्याच्या दप्तरात तेव्हाच येऊन बसला. तो घरी कसा होतो, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावयास हवा.

भिवंडी शहरातील निजामपुऱ्याचे उदाहरण घ्यावे. यंत्रमागांच्या या शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. मागावर काम करणारी माणसे पाळीने कामास जातात. सायंकाळी मूल वही उघडते, तेव्हा घरातील कोणी कामावर असते, तर कोणी रात्रपाळीपूर्वी निजलेले असते. जे जागे असतात, त्यांस इंग्रजी वाचता येतेच असे नाही. तालुक्यातील आपल्या खेड्यांत मागाच्या जागी शेत, वीटभट्टी किंवा गोदाम असेल. मुलाची अडचण मात्र तीच. गृहपाठ अडला, की विचारावयास कोणी नाही.

अडण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. देवनागरीत अक्षर पाहिले की त्याचा उच्चार बहुधा निश्चित असतो. इंग्रजीत अक्षरे २६, पण मोठी व लहान धरून आकृत्या ५२. त्यांतील लहान 'बी' व लहान 'डी' ही एकमेकांची उलट रूपे. शिवाय पी-यू-टी म्हणजे 'पुट', तर बी-यू-टी म्हणजे 'बट'! उर्दू शाळेतील मुलास तर उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय असते. त्याला हातही उलट दिशेने वळवावा लागतो. अशा मुलास आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

मनावरील हा भार मूल शब्दांनी क्वचितच सांगते. वही तपासण्याच्या दिवशी त्याचे पोट दुखते, वही घरी 'विसरते', किंवा शेजाऱ्याच्या चुकांसह सारा मजकूर उतरविलेला आढळतो. हजेरीपत्रक आणि गृहपाठ तपासण्याचे दिवस एकदा शेजारी ठेवून पाहावेत. तेच मूल त्याच दिवशी गैरहजर दिसले, तर ते इंग्रजीपासून नव्हे, शाळेपासूनच दूर चालले आहे असे समजावे. आज एक दिवस, उद्या आठवडा, आणि पुढे नाव पटावर राहूनही मूल शाळेबाहेर, असा हा क्रम असतो.

सन १९९३ मध्ये यशपाल समितीने प्राथमिक वर्गांतील पाठ्यपुस्तकी गृहपाठाविरुद्ध मत दिले. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीस आठवड्यातून फार तर दोन तास असावा, असे म्हटले आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रासासही मनाई आहे. कोरी वही हाती देऊन मुलास वर्गापुढे उभे करणे हा तसाच त्रास होय.

मग करावे काय? पहिली गोष्ट ही, की जे मुलास वर्गात एकट्याने करता आले, तेच घरी द्यावे. तासाची शेवटची दहा मिनिटे राखून गृहपाठाचा आरंभ आपल्यासमोर करवून घ्यावा. दुसरी, एकच शब्द वीस वेळा लिहविण्याऐवजी पाच शब्द अर्थासह लिहवावेत. तिसरी, ते शब्द मुलाच्या परिसरातील असावेत. निजामपुऱ्यातील मुलाच्या तोंडी लूम, बीम, मोटर, बेल्ट हे शब्द असतात. खेड्यातील मुलास पंप, ट्रॅक्टर, बस ठाऊक असतात. काल्हेर, राहनाळ, माणकोली येथील गोदामांत येणाऱ्या खोक्यांवर तर इंग्रजी अक्षरे छापलेलीच असतात. ती शोधून आणणे हाही उत्तम गृहपाठ आहे. चौथी, काही गृहपाठ तोंडी असावा. मुलाने दोन वाक्ये म्हणावीत आणि आईने ऐकावीत. त्यासाठी आईस इंग्रजी येण्याची गरज नाही.

तपासताना प्रथम बरोबर असलेल्यावर खूण करावी आणि मग एकच चूक समजावून द्यावी. गृहपाठ न केलेल्या मुलास जवळ बोलावून, "बाळ, कोठे अडलास?" एवढेच विचारावे व मधल्या सुट्टीपूर्वी सोबत्याच्या मदतीने तो पुरा करून घ्यावा.

खासगी इंग्रजी शाळांकडे पाहून काही पालक अधिक गृहपाठाची मागणी करतात. त्यांची कळकळ खोटी नव्हे. पालकसभेत मुलांकडूनच चार वाक्ये म्हणवून घ्यावीत. भरलेल्या वहीपेक्षा बोलते मूल पालकांस लवकर पटते.

येत्या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील अशी दोन-तीन मुले हेरावीत, त्यांच्या गृहपाठात वरीलप्रमाणे बदल करावा आणि त्यांची हजेरी पाहावी. केंद्रसंमेलनात त्या अनुभवांची चर्चा करता येईल.