अपरिचितांशी संभाषण : खेळ, भाषा आणि कायदा
(शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात)

अपरिचित माणसाशी बोलणे ही समाजजीवनातील क्षुल्लक बाब वाटते. परंतु ज्या अटींवर असे बोलणे शक्य होते, त्या अटींत समाजाची घडण प्रकट होत असते. एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे आज आंतरजालावर, पुष्कळदा एखाद्या खेळाच्या निमित्ताने, भाषा, समाज आणि कायदा अशा विषयांवर बोलत बसतात. या संभाषणास मर्यादा कोण घालते, आणि त्यात कायद्याने कोठे प्रवेश करावा, या दोन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे. तुलनेसाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील परंपरागत संभाषणस्थळे घेतली आहेत.

१. स्थळाने घातलेली मर्यादा

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात परगावचा माणूस भेटला की प्रथम ‘गाव कोणते?’ हा प्रश्न येतो. उत्तर मिळताच दोघांच्या ओळखीचा एखादा पाहुणा निघतो आणि अपरिचिताला सामाजिक स्थान प्राप्त होते. त्या स्थानात जातीची चौकशीही बहुधा अंतर्भूत असते. महाराष्ट्रातील जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली हात घेऊन बोटांच्या खुणांनी किंमत ठरविण्याची जुनी रीत आहे. भर गर्दीतही कोणते बोलणे कोणासाठी आहे, हे तो रुमाल ठरवितो.

शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या कसारा लोकलमधील संभाषणाचे स्वरूप याहून वेगळे आहे. तेथे सहप्रवाशाचे गाव विचारले नाही तरी चालते. कारण स्थानक येताच संबंध संपतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली दाखवून दिले की, आप्तांपासून लपविलेले मनोगत माणूस पुष्कळदा परक्यापाशी उघड करतो. परका आपल्या नात्यागोत्यात गुंतलेला नसतो, हे त्याचे कारण. परंतु ही मोकळीक ऐकू येण्याच्या अंतरावर आणि प्रवासाच्या अवधीवर अवलंबून असते. पडद्यावरील संभाषणात मोकळीक तीच राहते. तिला आधार देणारे अंतर आणि अवधी मात्र नाहीसे होतात. लिहिलेले वाक्य टिकते, आणि ज्याच्यासाठी ते लिहिले नव्हते त्याच्याही हाती पडते.

२. खेळाचे निमित्त

खेळ हा परिचयाचा सर्वांत सुलभ मार्ग होय. लोकलच्या डब्यात मांडीवरील पिशवीवर मेंढीकोटाचा डाव मांडला जातो, तेव्हा भिडूचे नाव ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. नियम ठाऊक असले म्हणजे पुरे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली केलेल्या विवेचनानुसार, खेळ नित्याच्या व्यवहारापासून वेगळे असे स्वतःच्या नियमांचे क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात थोर-लहान हा भेद काही काळ मिटतो. पडद्यावरील खेळातही हेच घडते. मात्र खेळ थांबल्यावर संभाषण चालूच राहिले, तर खेळाचे नियम त्याला पुरे पडत नाहीत.

३. भाषेची अडचण

येथे मराठी भाषकापुढे दोन विशेष अडचणी उभ्या राहतात. पहिली संबोधनाची. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावयाची तर समोरच्याचे वय व स्थान ठाऊक असावे लागते, आणि तेच अज्ञात असते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रमाण मराठीत वक्त्याचे लिंग क्रियापदातून प्रकट होते : ‘मी खेळतो’ किंवा ‘मी खेळते’, ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’. इंग्रजी बोलणाऱ्यास अशा वाक्यात लिंग अप्रकट ठेवता येते. मराठी स्त्रीची ओळख पहिल्याच वाक्यात उघड होते, मग ते रोमन लिपीत का लिहिलेले असेना. ती टाळावयाची असल्यास ‘मला वाटते’, ‘मी खेळेन’, ‘मी डाव मांडला’ अशा रचनांचा आश्रय घ्यावा लागतो. जी स्त्री अनोळखी पुरुषांत केवळ खेळाडू म्हणून वावरू इच्छिते, तिच्या दृष्टीने व्याकरणाचा हा प्रश्न सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

शिवाय लेखी संभाषणास साक्षरतेची अट आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ साली वृद्ध स्त्रियांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, यावरून ही अट किती जणींना बाहेर ठेवीत आली आहे याची कल्पना येते. ध्वनिसंदेशाने ती शिथिल केली; कातकरी, ठाकरी, वारली या बोलींनाही त्याने वाट दिली. मात्र आवाज बोलणाऱ्याची बोली सांगतो, आणि बोली पुष्कळदा गाव व जमात सांगते. अशा रीतीने म्हशाच्या बाजारातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो न विचारताच मिळते.

४. कायद्याचा प्रवेश

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील व्यवहार बंद राहिले. त्यावर फेसबुकवर टीका करणारी पालघर येथील एक तरुणी आणि त्या मजकुरास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. टीका करणाऱ्या तरुणीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याचीही मोडतोड झाली. पालघर, शहापूर व मुरबाड हे तिन्ही तालुके त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. अटकेसाठी लावलेल्या कलमांपैकी एक माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ होते. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर, ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे व्याख्या नसलेले शब्द त्यात होते, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती.

या प्रकरणानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन अवस्था न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. बोलणे चिथावणीच्या पातळीस पोहोचले तरच निर्बंधाचा प्रश्न येतो. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयास पुन्हा आदेश द्यावे लागले.

याच्या उलट उदाहरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ चे आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शविल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे, अथवा तिच्या आंतरजालावरील वावरावर पाळत ठेवणे, हा त्यानुसार गुन्हा आहे. ६६-अ ऐकणाऱ्याच्या नाराजीवर बेतलेले होते. ७८ बोलणाऱ्याच्या निश्चित कृतीवर बेतलेले आहे. पहिल्याने संभाषणच धोक्यात आले. दुसरे संभाषण सोडून जाण्याचा अधिकार राखते.

रुमाल आणि स्थानक यांनी जे कार्य आजवर सहज केले, ते पडद्यावर कोणीतरी जाणीवपूर्वक करावे लागते. त्यापैकी बराच भाग भाषा आणि शिष्टाचार करू शकतात. कायद्याचे क्षेत्र त्यापलीकडील आहे, आणि ते जितके रेखीव तितके अपरिचितांचे बोलणे निर्भय राहील.