एकच कॅन्सर, मग दोघींची औषधं वेगळी का?

महाड-पोलादपूरकडून कॅन्सरचे पेशंट परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात आणि परत आले की मोहल्ल्यात तुलना सुरू होते. "खालालाही छातीचाच कॅन्सर होता. तिला महागडी इंजेक्शनं, मग हिला नुसती गोळी का? गरीब म्हणून स्वस्तातलं दिलं का?" अशा संशयातून चालू उपचार सुटतात, म्हणून हे नीट समजून घेऊ.

रक्त चढवण्याआधी गट जुळवतात, तसंच आता गाठीचाही 'गट' तपासतात. पेशींवर 'हर-टू' हे प्रथिन फार जास्त असेल, तर ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन कामाचं. नसेल, तर तेच इंजेक्शन म्हणजे पैसे पाण्यात. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी अनेक वर्षं घ्यावी लागते. ती स्वस्त आहे, पण हलकी नाही! यालाच प्रिसिजन मेडिसिन म्हणतात : आजाराचं नाव नव्हे, त्याची जात पाहून औषध.

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. त्यात एका ठरावीक जनुकीय बिघाडावर इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली आणि रोज गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस कंपनीला तिचं पेटंट नाकारलं, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेली कार-टी उपचारपद्धती 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. यात पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, बदलून परत देतात. काही ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठीच ती आहे आणि खर्च अजून लाखांत आहे. परदेशात तो कोटींत जातो.

घरच्यांनी दोन कामं करावीत. बायोप्सीचा कागद तर जपाच, पण लॅबमधला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. पुढच्या तपासण्या बऱ्याचदा त्यावरच होतात. दुसरं, डॉक्टरांनी खानदानातले आजार विचारले की फक्त आईकडचे सांगू नका. छातीच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही येतो. म्हणजे फुफू आणि दादी यांचे आजारही सांगायचे. मुलींची लग्नं अडतील म्हणून हे लपवलं जातं, आणि वेळेवर तपासणी व्हायला हवी ती नेमकी त्याच मुलींची राहून जाते.