डोळे तपासायला जाताना : खुर्चीत बसल्यावर नेमकं काय होतं?

आजचा विषय साधा वाटेल. डोळे तपासून घेणं यात काय मोठं, असं कुणीही म्हणेल. पण आम्ही रोज पाहतो, खुर्चीत बसलेला माणूस दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखा घाबरलेला असतो. अक्षर चुकलं की "सॉरी डॉक्टर" म्हणतो. काही जण तर बाहेर बाकावर बसल्या बसल्या तक्ता पाठ करून येतात! तेव्हा आज आपण एकेक यंत्र, एकेक थेंब कशासाठी असतो ते बघू, म्हणजे ही भीती थोडी कमी होईल.

आधी गप्पा होतात. त्या गप्पाही तपासणीचाच भाग आहेत बरं का. शुगर आहे का, बीपी आहे का, दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला काचबिंदू होता का, हे आम्ही उगीच विचारत नाही. स्टेरॉइडचे थेंब, जे पुष्कळ लोक डोळा लाल झाला की मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर परत आणतात, ते बरेच दिवस घातले तर काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो. म्हणून घरात जे थेंब असतील त्यांची बाटलीच घेऊन या. जुना चष्मा आणि जुने कागदही आणा.

मग तक्ता. हा तक्ता नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचे डॉक्टर हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली तयार केला. आपल्याकडे तो देवनागरी अक्षरांतही मिळतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चारी दिशांना तोंड केलेल्या 'ई'चा असतो, फक्त बोटांनी दिशा दाखवायची. तुमच्या कागदावर ६/६ किंवा ६/१२ लिहिलेलं असतं. वरचा सहा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून सहा मीटरवर बसला आहात. खालचा आकडा म्हणजे तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते. ६/६० म्हणजे, जे अक्षर इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहा मीटरवरून दिसतंय. खोली लहान असेल तर आरसा लावून अंतर दुप्पट करतात, त्यामुळे आरशात बघायला सांगितलं तर गोंधळू नका. कमी दिसत असेल तर बारीक भोक असलेली काळी चकती डोळ्यासमोर धरतात. तिच्यातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा नंबरचा. नाही दिसलं तर आम्हाला आत कुठेतरी शोधावं लागतं.

नंबर काढायचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल, त्यात रस्त्याच्या टोकाला एक फुगा दिसतो आणि तो मधेच धूसर होतो. तो मुद्दाम धूसर करतात. डोळ्याचं भिंग जवळचं बघायला ताणलेलं असतं, ते सैल पडावं म्हणून. पण यंत्राचा नंबर ही फक्त सुरुवात. पुढे येतं ते "एक बरं की दोन बरं?" इथे लोक फार घाबरतात. चुकीचं उत्तर असं काही नसतं, कारण तोच प्रश्न आम्ही उलटसुलट करून परत विचारतो. दोन्ही सारखं वाटलं तर बिनधास्त "सारखंच" म्हणा, तेही आम्हाला उपयोगी असतं. एक मात्र लक्षात ठेवा : अक्षर जास्त काळं आणि बारीक दिसणं म्हणजे जास्त स्पष्ट दिसणं नव्हे. तरुण मुलं इथेच गरजेपेक्षा जास्त मायनस नंबर घेऊन जातात आणि मग डोकं दुखतं म्हणून परत येतात. आणि ज्यांची शुगर सध्या खूप वरखाली होतेय, त्यांनी आधी ती आटोक्यात आणावी. शुगरबरोबर डोळ्याचं भिंगही बदलतं, त्यामुळे आज काढलेला नंबर काही आठवड्यांनी चुकीचा ठरू शकतो, आणि चष्म्याचे पैसे वाया जातात.

पुष्कळ जणांच्या मते इथे तपासणी संपते. खरं तर आम्हाला जे शोधायचंय ते इथून पुढे सुरू होतं.

पन्नाशीचे एक गृहस्थ चाळिशीचा चष्मा तुटला म्हणून आले होते. तक्त्यावर दोन्ही डोळ्यांनी ६/६. ते म्हणाले, "डॉक्टर, नंबर द्या, दुकान बंद होईल." पण डोळ्याची नस बघितली तर एका डोळ्यात ती बरीच सुकलेली. काचबिंदू. तक्ता फक्त मधली नजर मोजतो, आणि काचबिंदू बहुतेक वेळा कडेची नजर आधी खातो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे माणसाला कळतच नाही. जिना उतरताना ठेच लागते ती वयामुळे, असं तेही समजत होते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी बहुतेकदा टिकवता येते. त्यांना आम्ही एक काम दिलं : सख्ख्या भावंडांना फोन करा. जवळच्या रक्ताच्या नात्यात काचबिंदू असेल तर आपला धोका कितीतरी वाढतो.

म्हणून दाब मोजतात. डोळ्यावर हवेची एक फुंकर येते, दचकायला होतं, दुखत नाही. दुसऱ्या पद्धतीत डोळा बधिर करून, पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात मोजतात. साधारण १० ते २१ हा आकडा ठीक मानतात. पण दाब ठीक असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नस बघितल्याशिवाय आम्ही निकाल देत नाही. मोजताना श्वास रोखू नका, कॉलरचं बटण घट्ट असेल तर सोडा, नाहीतर आकडा उगीच वाढतो. लेझरने नंबर घालवला असेल तर ते जरूर सांगा, कारण बुबुळाचा पारदर्शक पापुद्रा पातळ झालेला असतो आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

हनुवटी टेकवायचं आणि कपाळ पट्टीला लावायचं ते यंत्र म्हणजे स्लिट लॅम्प. त्यात पापण्यांपासून मोतीबिंदूपर्यंत सगळं मोठं होऊन दिसतं. याबद्दल फार सांगत नाही, तुम्हाला तिथे फक्त स्थिर बसायचंय.

शेवटी थेंब घालून बाहुली मोठी करणं. याचा लोकांना सगळ्यात कंटाळा. थोडं झोंबतं, वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, कधी परत थेंब घालावे लागतात. "गरज आहे का?" असं विचारतात. लहान बाहुलीतून पडदा बघणं म्हणजे दाराच्या फटीतून घर बघणं. समोरचा सोफा दिसेल, कोपऱ्यातलं काही नाही. आणि पडदा ही शरीरातली अशी जागा आहे, जिथे काही न कापता रक्तवाहिन्या सरळ डोळ्यांनी दिसतात. मधुमेहाचे पहिले ठिपके तिथेच दिसतात, आणि तेव्हा रुग्णाला काहीही त्रास नसतो. टाइप २ मधुमेह कळला की तेव्हाच एकदा, आणि नंतर साधारण दरवर्षी ही तपासणी हवी. नजर चांगली आहे म्हणून टाळू नका.

थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. स्कूटर चालवत येऊ नका, सोबत कुणाला तरी आणा, गॉगल ठेवा. मोबाइलवर यूपीआयचा पिन टाकायलाही पंचाईत होते, म्हणून पैसे आधीच देऊन टाका. क्वचित एखाद्याला त्याच दिवशी डोळा खूप दुखतो, लाल होतो, दिव्याभोवती वलयं दिसतात, उलटी होते. तसं झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच परत या. थेंब घालण्याआधी आम्ही डोळ्याचा कोन अरुंद आहे का ते पाहतो, ते याचसाठी.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "मुलाला तीन दिवस घरी घालायला अ‍ॅट्रोपिन दिलं. आठवडा झाला, वही वाचता येत नाही. काही बिघडलं का?" नाही ताई, याचा असर दहा-बारा दिवसही राहू शकतो. लहान मुलांची भिंगं एवढी लवचीक असतात की ती सैल केल्याशिवाय खरा नंबर कळत नाही. शाळेत बाईंना तसं सांगून ठेवा. पण मुलाला ताप आला, चेहरा लालभडक झाला किंवा तो बरळू लागला, तर थेंब बंद करून लगेच डॉक्टरांना गाठा. आणि घरी एक गोष्ट करून बघा : त्याचा एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा. एक डोळा झाकला की चिडतो, हात बाजूला करतो, असं झालं तर पुढच्या भेटीत ते आधी सांगा. एक डोळा आळशी पडला असेल तर मूल स्वतःहून कधीच सांगत नाही, आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर त्यांचा सगळ्यात जास्त फायदा होतो.