अंदाज, पिशवी आणि संकल्प : घरखर्चाच्या मराठी परिभाषेचा विचार

लहरीसरशी होणारा खर्च आणि त्याला आवर घालणारी घरखर्चाची आखणी हा विषय सामान्यतः अर्थशास्त्राचा, आणि उपदेशाच्या अंगाने नीतिशास्त्राचा, मानला जातो. भाषाभ्यासाचा त्याच्याशी काही संबंध असेल असे सहसा कोणी धरीत नाही. तथापि पैसा हाती आल्यापासून तो खर्च होईपर्यंत त्याला निरनिराळी नावे मिळत असतात, आणि ती नावे कोणी, केव्हा व किती नेमकेपणाने दिली ह्यावर त्या पैशाचे भवितव्य बरेचसे ठरते. हे नामकरण हा भाषेचाच व्यापार होय. प्रस्तुत लेखात घरखर्चाच्या मराठी शब्दांचा ह्या दृष्टीने विचार केला असून त्यासाठी पालघर व बोईसर-तारापूर हा प्रदेश निवडला आहे. दाण्याचे कर्ज आणि मासिक वेतन ह्या अर्थव्यवहाराच्या दोन अगदी भिन्न तऱ्हा तेथे एकाच शतकात, आणि काही मैलांच्या अंतरात, पाहावयास मिळतात.

१. एका वस्तूची तीन नावे

जमाखर्चाच्या पूर्वनियोजनाला आज मराठीत तीन शब्द रूढ आहेत : बजेट, अंदाजपत्रक आणि अर्थसंकल्प. व्यवहारात ते पर्यायी मानले जातात; व्युत्पत्तीने मात्र ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘बजेट’ हा शब्द इंग्रजीतून आला. त्याचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील ‘बूजेत’ ह्या शब्दात असून त्याचा अर्थ लहानशी चामडी पिशवी असा आहे. ‘अंदाजपत्रक’ हा फार्सी ‘अंदाज’ व संस्कृत ‘पत्रक’ ह्यांचा संकरित समास. ‘अर्थसंकल्प’ हा निखळ संस्कृत समास असून त्याचे उत्तरपद धार्मिक विधीच्या भाषेतून घेतलेले आहे. एकात वेगळे ठेवण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात अजमावण्याची, तिसऱ्यात स्वतःला बांधून घेण्याची.

मराठीस ही कल्पना इंग्रजी अमदानीत नव्याने मिळाली असे नव्हे. पेशवेकालीन दप्तरांत ‘अजमास’ म्हणजे अटकळीने काढलेला आकडा, ‘बेहेडा’ म्हणजे वर्षाच्या जमाखर्चाचा आराखडा, ‘नेमणूक’ म्हणजे विशिष्ट कामाकडे लावून दिलेली रक्कम, ‘रोजकीर्द’ म्हणजे दररोजची नोंद आणि ‘ताळेबंद’ म्हणजे अखेरचा मेळ, अशी परिभाषा आढळते. ह्या पाच शब्दांचा क्रमच आखणीचा क्रम आहे : आधी अटकळ, मग आराखडा, मग रक्कम लावून देणे, मग नोंद, शेवटी पडताळा. आजची बहुतेक घरगुती आखणी पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. अंदाज केला जातो, कागदावर उतरविलाही जातो. परंतु ‘नेमणूक’ होत नाही, आणि म्हणून ती मोडते.

२. उधळणे, मोडणे, राखणे

आवरता न येणाऱ्या खर्चासाठी मराठीचे मुख्य क्रियापद ‘उधळणे’ हे आहे. गुलाल उधळतात, पैसा उधळतात आणि घोडाही उधळतो. पहिल्या दोन प्रयोगांत विखुरण्याचा अर्थ आहे, तिसऱ्यात लगाम सुटण्याचा. पैशाच्या बाबतीत दोन्ही छटा एकत्र येतात. उलट बाजूचे वाक्प्रचार बहुधा हाताभोवती फिरतात : हात आखडता घेणे, हातचे राखणे, आणि उधळ्या माणसाचा हात सैल असतो. खर्च हा मनाचा दोष असला तरी त्याचा उपाय हाताशी, म्हणजे प्रत्यक्ष कृतीशी, असल्याची जाणीव ह्या प्रयोगांत दिसते.

‘मोडणे’ हे क्रियापद अधिक बोलके आहे. नोट मोडतात, ठेव मोडतात, दागिना मोडतात. ‘पदरमोड’ ह्या शब्दात पदराच्या गाठीला बांधलेला स्वतःचा पैसा मोडल्याचे सूचन आहे. ‘गाठीला पैसा असणे’ हा प्रयोगही त्याच जातीचा. सबंध असलेली रक्कम खर्चताना काही तरी भंगते, ही भावना भाषेने नोंदवून ठेवली आहे. प्रिया रघुबीर व जॉयदीप श्रीवास्तव ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले : तेवढ्याच किमतीची सुटी नाणी हाती असलेल्यांपेक्षा एकच मोठी नोट हाती असलेले लोक खर्चास कमी प्रवृत्त होतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत मात्र मोडावयाचे काहीच उरत नाही. नोट बाहेर काढणे, ती मोडणे, सुटे मोजून घेणे हे तीन अडसर एकदम नाहीसे होतात. ड्रेझन प्रेलेक व डंकन सिमेस्टर ह्यांनी २००१ मध्ये दाखविले की, त्याच वस्तूसाठी रोख पैसे देणाऱ्यांपेक्षा क्रेडिट कार्डाने पैसे देणारे अधिक किंमत मोजावयास तयार होतात. त्या प्रयोगाचा विषय उधारीचे कार्ड हा होता, हे खरे; परंतु पैसा हातातून जात असल्याची जाणीव बोथट झाली की हात सैल होतो, हा विचार दोन्हीकडे लागू पडतो.

३. लग्नगडी आणि खावटी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. किनाऱ्याकडे वाडवळी, मांगेली ह्या बोली आणि डोंगराकडे वारली, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांच्या बोली, अशी त्याची भाषिक ठेवण आहे. डोंगरपट्टीतील पैशाच्या व्यवहाराचा इतिहास दोन शब्दांत साठलेला आहे. पहिला शब्द ‘खावटी’ : पावसाळ्यात घरातील दाणे सरले की खाण्यापुरते उसने घेतलेले धान्य. ते पीक हाती आल्यावर सवाईने वा दिढीने फेडावयाचे. वाढीदिढी हे ह्या व्यवहाराचे जुने नाव. दुसरा शब्द ‘लग्नगडी’ : लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेऊन त्याच्या फेडीदाखल त्याच्याच घरी गडी म्हणून राबणारा पुरुष. कर्ज फिटले की नाही हे सावकाराची वही सांगे, आणि ती ऋणकोला वाचता येत नसे; एका लग्नाच्या खर्चात उमेदीची वर्षे जात. १९४५ साली झरी येथे वारली मोठ्या संख्येने एकत्र आले आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडी ह्या दोन्ही पद्धतींविरुद्ध उठाव झाला. गोदावरी परुळेकर ह्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात त्याची हकीकत नोंदविली आहे. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला.

ह्या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी दुहेरी संबंध आहे. पहिला असा की, ‘ऋण काढून सण’ ही म्हण लावून अशा ऋणकोस उधळ्या ठरविणे सोपे असते. परंतु ते यथार्थ नसते. लग्नाचा खर्च जुळेपर्यंत विधी लांबणीवर टाकून एकत्र संसार करण्याची रीत वारल्यांत होती, ही गोष्ट उधळेपणाची नव्हे, उलट खर्च पुढे ढकलण्याच्या सवयीची द्योतक आहे. पावसाळ्यात दाणाच नसणे हा आवेग नव्हे. दारिद्र्य आणि उधळपट्टी ह्यांना एकच नाव देण्याने धनकोची सोय होते, ऋणकोची होत नाही.

दुसरा संबंध अधिक मूलगामी आहे. ‘लग्नगडी’ ह्या समासात पैशाचे प्रयोजन स्पष्ट आहे. नाव नव्हते असे नाही. परंतु ते नाव आणि तो आकडा दुसऱ्याच्या वहीत होता. पैशाला नाव असणे पुरेसे नाही. ते देण्याचा आणि नोंदण्याचा अधिकार खर्च करणाराच्या हाती असला पाहिजे.

४. वेतन आणि हप्ता

डोंगरपट्टीच्या पश्चिमेस, रेल्वेमार्ग व समुद्र ह्यांच्या दरम्यान, दुसरी अर्थव्यवस्था उभी राहिली. तारापूर येथील अणुविद्युत् केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले. पुढे बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वाढली आणि रसायने, औषधे, कापड व पोलाद ह्यांच्या कारखान्यांत परप्रांतांतूनही कामगार आले. येथे पैशाचे कालमान हंगामाचे नसून महिन्याचे आहे. वेतन पुढील महिन्याच्या सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत द्यावे, असे बंधन १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने घातले होते. त्यामुळे ‘पगाराची तारीख’ आणि ‘महिनाअखेर’ असे दोन ध्रुव कामगाराच्या भाषेत निर्माण झाले. दोहोंच्या मध्ये ‘हप्ता’ आहे. फार्सीत ह्या शब्दाचा अर्थ आठवडा. मराठीत आठवड्यासाठी स्वतःचा शब्द असल्याने ‘हप्ता’ नियतकालिक फेडीकडे वळला, आणि आता तो बहुधा महिन्याचाच असतो. नाव आठवड्याचे, ओझे महिन्याचे.

मासिक वेतनाचा धोका एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कामगाराचे वेतन १८,००० रुपये आहे असे धरू. खोलीचे भाडे ४,००० दिल्यावर खात्यात १४,००० दिसतात. त्यांतील ५,००० गावी पाठवावयाचे आहेत आणि २,५०० चा हप्ता २० तारखेस जाणार आहे. म्हणजे खरोखर मोकळे ६,५००, दिवसाला सुमारे २१६ रुपये. परंतु पडद्यावरचा आकडा १४,००० असतो, आणि मनाचा ‘अंदाज’ त्या आकड्यावरच बेततो. पहिल्या दहा दिवसांतील खरेदी ही बहुतेकदा लोभाने न होता ह्या एकत्रित, अनामिक रकमेच्या भरवशावर होते. तीच रक्कम वेतनाच्या दिवशी विभागली, गावचे ५,००० त्याच दिवशी रवाना केले, हप्त्याचे २,५०० दुसऱ्या खात्यात घातले आणि उरलेल्यांतून आठवड्याला १,५०० घेतले, तर चार आठवड्यांचे ६,००० होऊन ५०० हातचे उरतात. महिन्याचे दोनतीन दिवस जास्तीचे असतात. हे ५०० त्यांच्यासाठी. आठवडे बाजाराची जुनी लय येथे उपयोगी पडते, कारण आठवड्याची चूक आठवड्यातच उमगते. महिन्याची चूक उमगेपर्यंत महिना संपलेला असतो.

५. पिशवीचे सामर्थ्य

रकमेला वेगळेपण व नाव दिल्याने खर्च आवरतो, ह्याला प्रायोगिक आधार आहे. रिचर्ड थेलर ह्यांनी १९८५ साली ‘मानसिक हिशेब’ ही कल्पना मांडली : माणसे सर्व पैसा सारखा मानीत नाहीत, त्याची मनात खाती पाडतात. दिलीप सोमण व अमर चीमा ह्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर भारतातील ग्रामीण बांधकाम-मजुरांचाच आहे. बचतीची रक्कम एका पाकिटाऐवजी दोन पाकिटांत बंद करून दिली तेव्हा बचत अधिक टिकली, आणि पाकिटावर मजुराच्या मुलांचे चित्र लावले तेव्हा आणखी टिकली. पाकीट फोडताना दर वेळी नवा निर्णय करावा लागतो. आणि चित्रामुळे तो पैसा ‘कोणाचा’ हे समोर राहते. पदराची गाठ, कनवटीचा पैसा, स्वयंपाकघरातील निरनिराळे डबे ही ह्याच तत्त्वाची घरगुती रूपे होत.

याउलट आखणीचे छिद्र नेहमी अनामिक सदरात असते. ‘किरकोळ’, ‘इतर’, ‘वरखर्च’ ही सदरे नावाची नावे आहेत. त्यांत काय जाते हे त्यांवरून कळत नाही. ह्यावरचा उपाय मौजेस बंदी करणे हा नव्हे. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण हौसेचे समर्थन म्हणून वापरतात. आखणीत मात्र हौसेला मोल ठरवून द्यावे लागते. ‘हातखर्च’ म्हणून ठरावीक रक्कम, जिचा हिशेब कोणी मागणार नाही, अशी ठेवली की मोडण्याजोगे एक खाते तयार होते आणि बाकीची शाबूत राहतात.

६. संकल्पाची रचना

शेवटचा प्रश्न निश्चयाचा. काळ आणि बचत ह्यांचा संबंध भाषेच्या व्याकरणाशी जोडण्याचा एक गाजलेला प्रयत्न कीथ चेन ह्यांनी २०१३ मध्ये केला. ज्या भाषांत भविष्यकाळ व्याकरणाने वेगळा दाखवावा लागतो त्या बोलणारे कमी बचत करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र भाषांची परस्परनाती हिशेबात घेतल्यावर हा संबंध क्षीण होतो, हे २०१५ मध्ये चेन ह्यांच्यासह तिघांनी केलेल्या फेरतपासणीतच दिसून आले. मराठीपुरते पाहिले तरी गुंतागुंत ध्यानात येते : ‘उद्या देईन’ आणि ‘उद्या देतो’ हे दोन्ही प्रयोग येथे चालतात, आणि वर्तमानकाळी रूप वापरणारा ऋणको अधिक तत्पर असतो असा अनुभव कोणत्याही दुकानदारास नाही. तेव्हा प्रत्ययांपेक्षा विधानाची रचनाच पाहणे अधिक फलदायी होय.

विधीतील ‘संकल्प’ हा नुसता निश्चय नसतो. त्यात प्रथम देश व काल ह्यांचा उच्चार होतो, मग करणाराचे नाव व गोत्र, मग प्रयोजन. आणि शेवटी उदक सोडले जाते. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत ज्यांना ‘कृतिरूप उक्ती’ म्हटले, म्हणजे ज्यांचा उच्चार हीच कृती असते, त्यांचा हा ठळक नमुना आहे. पीटर गोलविट्झर ह्यांनी १९९९ मध्ये मांडलेला सिद्धांतही ह्याला जुळतो : केव्हा, कोठे व कसे हे आधी ठरविलेला बेत नुसत्या ध्येयापेक्षा अधिक वेळा तडीस जातो. ‘यापुढे उधळपट्टी करणार नाही’ ह्या वाक्यात देश नाही, काल नाही, रक्कम नाही. म्हणून ते मोडले केव्हा हेही कळत नाही. ‘वेतन जमा होईल त्या दिवशी संध्याकाळच्या आत शाळेच्या शुल्काचे ६०० रुपये वेगळ्या खात्यात घालावयाचे’, किंवा ‘यादीत नसलेली वस्तू आवडल्यास ती वहीत टिपून आठ दिवसांनी विचारात घ्यावयाची’ ही वाक्ये संकल्पाच्या साच्याची आहेत. आणि ‘पाणी सोडणे’ ह्या वाक्प्रचाराचा लौकिक अर्थ, म्हणजे हक्क सोडणे, येथे तंतोतंत लागू पडतो : नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या रकमेवरील आजच्या स्वतःचा हक्क माणसाने उद्याच्या स्वतःसाठी सोडलेला असतो.

समारोप

तिन्ही शब्दांचे अर्थ एकत्र केले म्हणजे आखणीचे स्वरूप पूर्ण होते. अंदाजाने रक्कम कळते, पिशवीने ती वेगळी होते, संकल्पाने ती बांधली जाते, आणि रोजकीर्द ह्या तिन्हींचा पडताळा देते. ह्यांपैकी एकानेही वेतन वाढत नाही. जेथे मिळकतच अपुरी आहे तेथे काटकसरीचा उपदेश निरर्थक आणि कित्येकदा अन्यायकारक ठरतो. परंतु जेवढा पैसा हाती येतो तेवढ्याचे नाव स्वतः ठरविणे आणि ते स्वतःच्या वहीत लिहिणे ह्यात किती मोठे स्वातंत्र्य आहे, हे लग्नगड्याचा इतिहास सांगतो. बोईसरच्या खोलीतील चार ओळींच्या हिशेबाचे मोल त्या इतिहासाच्या मापानेच केले पाहिजे.