छोट्या मोटारीतील मोठा पडदा

मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या मोटार विक्रीदालनात शनिवारी संध्याकाळी जे दृश्य दिसते ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी उभे राहून पाहावे असे असते. पती, पत्नी, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि ‘गाड्यांतले कळते’ म्हणून मुद्दाम सोबत आणलेले काका, असे एक कुटुंब छोट्या मोटारीभोवती फिरत असते. इंजिन, ब्रेक आणि टायर यांविषयी काका दोन-चार प्रश्न विचारतात व त्यांची उत्तरे मिनिटभरात मिळतात. पुढचा अर्धा तास विक्रेता आणि मुलगा डॅशबोर्डाच्या मधोमध बसवलेल्या काचेच्या पडद्यापुढे घालवतात. पडद्यावर बोट सरकते, नकाशा उघडतो, गाणे सुरू होते, मागच्या कॅमेऱ्यात दालनाचे दार दिसते. कुटुंब बाहेर पडते तेव्हा घरून ठरवून आणलेल्या रकमेपेक्षा लाख-दीड लाख अधिक मोजण्याची मनाची तयारी झालेली असते. आणि या वाढीव खर्चाचे समर्थन म्हणून बोट दाखवता येईल अशी वस्तू बहुधा तो पडदाच असतो.

मोटारीतील ‘टचस्क्रीन’ ही वाटते तितकी नवी वस्तू नव्हे. अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९८६ सालीच आपल्या रिव्हिएरा या गाडीत स्पर्शाने चालणारा पडदा बसवला होता. साधा रेडिओ लावायलाही रस्त्यावरची नजर काढावी लागते अशी तक्रार झाली आणि चार वर्षांत तो काढून टाकावा लागला. त्या काळी आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पद्मिनी गाडीत फार तर एक रेडिओ असे. भारतातील छोट्या मोटारीत पडदा खऱ्या अर्थाने उतरला तो सप्टेंबर २०१५ मध्ये. अडीच लाखांच्या थोड्या पुढे किंमत सुरू होणाऱ्या रेनो क्विडच्या वरच्या प्रकारात सात इंची पडदा आला आणि बाकीच्या कंपन्यांना मागे राहणे अशक्य झाले. जानेवारी २०१९ मधील नव्या वॅगन आरमध्येही तो आला. आज छोट्या मोटारींच्या जाहिरातीत इंजिनाच्या अश्वशक्तीइतकेच, किंबहुना त्याहून मोठ्या अक्षरांत, पडद्याचे इंच छापलेले असतात.

या इंचांची किंमत ग्राहक कशी मोजतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. मे २०२४ मध्ये नवी मारुती स्विफ्ट बाजारात आली तेव्हा सर्वांत खालच्या एलएक्सआय प्रकाराची दालनातील किंमत ६.४९ लाख रुपये होती, त्यावरच्या व्हीएक्सआयची ७.२९ लाख, तर हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांत सर्वांत वरच्या झेडएक्सआय प्लसची ८.९९ लाख. इंजिन तेच. कंपनीने सहाही एअरबॅग सर्व प्रकारांत दिल्या, ही तिच्या बाजूने सांगितलीच पाहिजे अशी गोष्ट. मग अडीच लाखांचा फरक कशात? चाकांत, दिव्यांत, वातानुकूलनाच्या सोयीत आणि पडद्यात. एलएक्सआयमध्ये गाणे ऐकण्याची साधी व्यवस्थाही नाही. नऊ इंची पडदा फक्त सर्वांत वर. मधल्या पायरीवर सात इंच.

एवढ्या मोठ्या कारखान्याला खालच्या गाडीत साधा रेडिओ बसवणे न परवडण्यासारखे आहे असे कोणीही म्हणणार नाही. मग तो का नसतो? याचे उत्तर ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच देऊन ठेवले आहे. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च जड होता म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा उतारू तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. गरिबाला भिजवणे हा हेतू नव्हता, पण ऐपतदाराला घाबरवायचे तर कोणीतरी भिजावेच लागते. ज्याला अर्थशास्त्रात मूल्यभेद म्हणतात त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. उपनगरांतील वाचकाला ते रोज अनुभवास येते. लोकलचा पहिला आणि दुसरा वर्ग एकाच गाडीला जोडलेले असतात, एकाच क्षणी चर्चगेटला पोहोचतात, आणि पासाच्या रकमेत मात्र कित्येक पटींचा फरक असतो. पडदा नसलेला डॅशबोर्ड हे छोट्या मोटारीचे काढून घेतलेले छप्पर आहे.

यात बेकायदेशीर काही नाही. तथापि सरकारी तिजोरीचा प्रश्न येतो तेव्हा ही गोष्ट खासगी राहत नाही. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवरील १,२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना करसवलत देण्याचे धोरण २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून चालत आले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. पेट्रोलची जी गाडी आधी सात लाखांना मिळे तिच्यावर हा फरक सुमारे साठ हजार रुपये होतो. साधी मोटार साध्या माणसाच्या आवाक्यात यावी हा या त्यागामागचा हेतू. पण स्विफ्टच्या पहिल्या दोन पायऱ्यांतील अंतर ८० हजारांचे होते, हे लक्षात घेतले की साठ हजारांची बचत हाती येताच विक्रेता पुढची पायरी का दाखवतो ते कळते. शासनाने सोडलेला कर अशा रीतीने काचेत जाऊन बसतो.

हे ओळखणारा आणि खालचा प्रकार घेऊन पडदा बाहेरून बसवणारा ग्राहकवर्ग उपनगरांत मोठा आहे. ऑपेरा हाऊसची जुनी दुकाने, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि अलीकडे स्वामी विवेकानंद मार्गावर व लालबहादूर शास्त्री मार्गावर निघालेली साहित्याची दुकाने यांवर हा व्यवसाय चालतो. तेथे या वस्तूला ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणतात. आठ-दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत त्याची किंमत असते. गाडीच्या प्रत्येक मॉडेलाची प्लॅस्टिकची ‘फ्रेम’ वेगळी आणि तारा जोडण्याचा ‘कपलर’ही वेगळा. येथेही ग्राहक इंच आणि जीबी यांनीच भुलतो. वस्तुतः पाहावयाचे ते निराळेच. दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो काय, आवाज कमी-जास्त करण्यासाठी फिरवायचे बटण आहे काय, स्टिअरिंगवरची बटणे चालतील काय, आणि मुख्य म्हणजे कारखान्याच्या तारा न कापता काम होणार काय. कपलरच्या जागी तारा कापून चिकटपट्टी गुंडाळणारा कारागीर हजार-पाचशे वाचवतो आणि पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवतो.

त्याहून महत्त्वाचा भेद दोन जातींच्या पडद्यांमधला आहे. एका जातीत नकाशा, गाणी, सारी बुद्धी यंत्राच्या पोटातच असते. दुसऱ्या जातीत पडदा हा केवळ आरसा. खिशातल्या फोनचे चित्र तो मोठे करून दाखवतो. अ‍ॅपलचे कारप्ले आणि गूगलचे अँड्रॉइड ऑटो, दोन्ही २०१४ साली जाहीर झालेल्या व्यवस्था, या दुसऱ्या जातीच्या. वरवर पाहता पहिली जात श्रीमंत आणि दुसरी परावलंबी वाटते. पण आयुष्यमानाचा हिशेब केला की चित्र उलटते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; फोन तीन-चार वर्षांत बदलला जातो. आरशाच्या व्यवस्थेत दर नव्या फोनाबरोबर मोटारही नवी होते. बुद्धी यंत्रात असली की यंत्र म्हातारे होते आणि गाडीलाही म्हातारे करते.

अंधेरीचे उदाहरण घ्यावे. गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीस बंद झाला. त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आणि दुसरी ११ मे २०२५ रोजी खुली झाली. पोटात साठवलेल्या नकाशाच्या यंत्राला यातले काहीच कळण्याचा मार्ग नव्हता; फोनाला त्याच दिवशी कळले. (नवा पूल सुरुवातीला शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी उंचीत जुळत नव्हता, हे मात्र कोणत्याच नकाशाने आधी सांगितले नाही.) आणि यंत्राचे म्हातारपण हे केवळ नकाशापुरते नसते. टेस्लाने २०२१ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, कारण पडद्यामागील आठ जीबीची स्मृतिचिप सतत लिहून-पुसून पाच-सहा वर्षांत झिजत होती. चिप गेली की पडदा काळा, आणि त्याबरोबर मागचा कॅमेराही बंद. जगातील अत्यंत महागड्या गाडीची ही कथा असेल तर एका वर्षाच्या हमीवर विकल्या जाणाऱ्या पडद्याकडून किती वर्षांची अपेक्षा धरावी?

कंपन्यांना मात्र आरसा फारसा आवडत नाही. जनरल मोटर्सने २०२३ साली आपल्या पुढील विजेच्या गाड्यांतून फोनची ही दोन्ही चित्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. आरशात कंपनीचे काही दिसत नाही, वर्गणी मागता येत नाही, हे त्यामागचे गणित असावे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेली आसने गरम करण्यासाठी मासिक भाडे मागून पाहिले. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी ते मागे घेतले. आपल्याकडेही गाडी फोनशी जोडणाऱ्या सेवा पहिली काही वर्षे मोफत आणि नंतर वार्षिक वर्गणीवर अशा रीतीने मिळू लागल्या आहेत. मोटार एकदा विकली जाते. पडद्यामार्फत ती दरवर्षी विकता येते.

पैशाचा प्रश्न झाला. लक्षाचा त्याहून नाजूक आहे. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये एक साधी परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओ, तापमान यांसारखी ठरावीक कामे चालकाने करावयाची. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत आटोपली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत ४४ सेकंदांहून अधिक लागले, आणि तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेली होती. मुंबईत हा वेग कोठे मिळतो, असे कोणी म्हणेल. टॉमटॉम कंपनीच्या २०१८ च्या पाहणीत कोंडीमुळे येथील प्रवासाला ६५ टक्के अधिक वेळ लागत होता आणि त्या वर्षी मुंबई यादीत पहिली होती. पण ताशी ३० किलोमीटर वेगानेही दोन सेकंदांत गाडी सुमारे सतरा मीटर पुढे जाते. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेर सतरा मीटरांत रिक्षा, हातगाडी आणि रस्ता ओलांडणारी माणसे किती असतात हे तेथे रोज उतरणाऱ्यांना सांगावयास नको. युरोपातील ‘एनकॅप’ या सुरक्षा परीक्षकांनी २०२६ पासून दिशादर्शक, भोंगा, वायपर यांसारख्या कामांसाठी खरी बटणे असल्याखेरीज पूर्ण पाच तारे न देण्याचे ठरवले आहे. आपल्याकडील परीक्षेतही ही अट घालण्यास अडचण असू नये.

पडदा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या दोन खांबांमधल्या जागेत गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र खरोखरच उपयोगी पडते. मागचे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सर्वच नव्या गाड्यांत सक्तीचे असले तरी त्यांची शिट्टी आणि डोळ्यांनी पाहणे यांत फरक आहे. रस्ता शोधण्यासाठी मात्र दोन-चारशे रुपयांचा मोबाइल होल्डरही चालतो. चालकाची एकाग्रता न ढळता केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरण्याची मुभा १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांतच आहे.

प्रश्न आहे तो पडदा आणि गाडी ही दोन वेगळ्या आयुष्याची माणके एका किमतीत बांधण्याचा. आणि याचे उत्तर पूर्वी उपलब्ध होते. मोटार रेडिओच्या खाचेचे माप जर्मन मानक संस्थेने ठरवले, १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले: १८० मिलिमीटर रुंद, ५० उंच. त्याची दुप्पट उंची म्हणजे दुकानदारांच्या बोलीतले ‘डबल डिन’. या एका मापामुळे कोणाचाही स्टिरिओ कोणाच्याही गाडीत बसे, आणि बिघडला तर दुसरा घेता येई. आजचे पडदे डॅशबोर्डाच्या वर तरंगतात, वातानुकूलनाची बटणे पोटात घेतात आणि प्रत्येकाचा आकार निराळा असतो. खाच गेली, त्याबरोबर बाजारपेठेतील स्पर्धाही गेली.

भारतात या बाबतीत कायद्याची पाटी कोरी नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती केवळ अधिकृत विक्रेत्यांपुरती रोखून धरल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करू नये असेही त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी आहेत. करसवलत घेणाऱ्या छोट्या गाडीत पडद्याची खाच आणि कपलर प्रमाणित मापाचे असावेत, पडद्याची किंमत सर्व प्रकारांत वेगळी लिहावी आणि तो कोणत्याही प्रकारावर घेता यावा, एवढ्या तीन अटी घालण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. सवलत देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतोच.

तोवर दालनात शिरणाऱ्या कुटुंबाने दोन कागद वेगळे करावेत. एकावर पंधरा वर्षांचा विचार करून गाडी, दुसऱ्यावर चार-पाच वर्षांचा विचार करून पडदा. दोन प्रकारांतील किमतीचा फरक विचारावा, त्यातून चाके, दिवे वगैरे खरोखर हवे असलेल्या गोष्टींचे मोल वजा करावे आणि उरलेली रक्कम पडद्याच्या नावावर मांडून बाहेरच्या दुकानातील भावाशी ताडून पाहावी. बाहेरून बसवायचा असेल तर हमीविषयी विक्रेत्याचे म्हणणे लेखी घ्यावे. आणि गाडीतून काढलेला मूळ स्टिरिओ व त्याची चौकट दुकानात सोडून न येता घरी माळ्यावर ठेवावी. गाडी विकताना ती मागितली जाते.