कॅमेऱ्याने मोजू या चंद्रग्रहण

विद्यार्थी मित्रांनो, ३१ डिसेंबर २०२८ ही तारीख आजच वहीत टिपून ठेवा. त्या रात्री महाराष्ट्रातून खग्रास चंद्रग्रहण आरंभापासून अखेरपर्यंत दिसणार आहे. पृथ्वीच्या दाट छायेचा चंद्राला स्पर्श रात्री सुमारे ८ वाजून ३७ मिनिटांनी होईल. सुमारे ९ वाजून ४६ मिनिटांनी चंद्र छायेत पूर्ण बुडेल. पंचांगात या क्षणाला संमीलन म्हणतात. ग्रहणाचा मध्य १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास येईल, १० वाजून ५८ मिनिटांच्या सुमारास उन्मीलन होईल, म्हणजे चंद्राची कडा पुन्हा उजळू लागेल, आणि नव्या वर्षाची पाच-सहा मिनिटे उलटल्यावर मोक्ष होईल. त्याच वर्षी ६ जुलैच्या रात्रीही आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पण ते ऐन पावसाळ्यात. डिसेंबरात मात्र आकाश निरभ्र मिळण्याची आशा अधिक.

त्या रात्री असंख्य लोक आपापले मोबाईल चंद्राकडे रोखतील आणि बहुतेकांच्या हाती काय लागेल? काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका! यात कॅमेऱ्याचा दोष फारसा नसतो. कॅमेरा हे प्रकाश मोजणारे उपकरण आहे आणि आपण त्याला काय मोजायचे ते सांगितलेलेच नसते. ते नीट सांगितले, तर छायाचित्र तर चांगले येईलच. शिवाय ग्रहणात चंद्र किती पटींनी मंदावला, पृथ्वीची छाया किती रुंद आहे आणि चंद्र आपल्यापासून किती दूर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरेही तुम्ही स्वतः काढू शकाल.

पांढरा ठिपका का येतो?

आपला डोळा मोठा चतुर आहे. उजेड वाढला की बाहुली लहान होते, अंधार पडला की ती मोठी होते आणि दृष्टिपटलाची संवेदनक्षमताही बदलते. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवला की तोही अशीच जुळवाजुळव करू पाहतो. पण तो सबंध चौकटीचा विचार करतो. चौकटीचा बहुतेक भाग काळ्या आकाशाचा असतो. त्यामुळे 'येथे फार अंधार आहे' असा निष्कर्ष काढून कॅमेरा भरमसाट प्रकाश आत घेतो आणि चंद्र पांढराफटक होतो.

वास्तविक पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडकाळ माळ! आपल्या अंगणावर दिवसा पडतो तोच सूर्यप्रकाश तेथेही पडलेला असतो. म्हणून त्याचे छायाचित्र जवळजवळ दिवसा काढतो तसेच काढावे लागते.

तीन किल्ल्या

कॅमेऱ्यात किती प्रकाश नोंदला जाणार हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली, लेन्सचे छिद्र. ते 'एफ' अंकाने दाखवतात. अंक लहान तितके छिद्र मोठे. छिद्राचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे एफ/८ वरून एफ/५.६ वर आलो, तर प्रकाश (८ ÷ ५.६)², म्हणजे सुमारे दुप्पट होतो. दुसरी गोष्ट, शटर उघडे राहण्याचा काळ. तिसरी, आयएसओ अंक. तो दुप्पट केला की तेवढ्याच प्रकाशात चित्र दुप्पट उजळ येते. मात्र त्यात बारीक कणही दिसू लागतात.

पूर्णचंद्रासाठी छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आहे. छिद्र एफ/११ ठेवा आणि शटरचा काळ आयएसओच्या व्यस्तांकाइतका घ्या. आयएसओ १०० असेल, तर १/१०० सेकंद. छिद्र एफ/८ केले, तर प्रकाश दुप्पट होतो, म्हणून काळ १/२०० सेकंद.

ग्रहणात आरंभासाठी पुढील आकडे धरा:

पूर्ण चंद्र – आयएसओ १००, एफ/८, १/२०० सेकंद.
निम्मा ग्रासलेला चंद्र – आयएसओ १००, एफ/८, १/६० सेकंद.
शेवटची बारीक कोर – आयएसओ १००, एफ/८, १/१५ सेकंद.
खग्रास चंद्र – आयएसओ १६००, एफ/५.६, १ सेकंद.

मोबाईलवर हे आकडे 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' पर्यायात बदलता येतात. मोबाईलचे छिद्र बहुधा ठरावीक असते. तेथे शटर व आयएसओ एवढ्याच दोन किल्ल्या हाती राहतात.

कोणताही आकडा अंतिम मानू नका. प्रत्येक वेळी एक चित्र ठरलेल्या काळाचे, एक निम्म्या काळाचे आणि एक दुप्पट काळाचे काढा. पूर्वी फिल्मची प्रत्येक चौकट जपून वापरावी लागे; आता ती अडचण नाही.

पहिले मोजमाप : चंद्र किती मंदावला?

समजा, पूर्णचंद्राचे चित्र आयएसओ १००, एफ/८, १/२०० सेकंद या नोंदीवर चांगले आले आणि खग्रास चंद्राचे तितकेच उजळ चित्र आयएसओ १६००, एफ/५.६, १ सेकंद या नोंदीवर आले. दुसऱ्या वेळी काळ २०० पट, आयएसओ १६ पट आणि छिद्रामुळे प्रकाश २ पट. २०० × १६ × २ = ६४००. म्हणजे खग्रास चंद्र सुमारे ६४०० पटींनी मंद होता!

प्रत्येक ग्रहणात हा आकडा वेगळा येतो आणि खरी गंमत तेथेच आहे. छायेत बुडालेल्या चंद्रावर पोहोचणारा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला असतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा पुढे जातो. त्या क्षणी कोणी चंद्रावर उभा असता, तर त्याला काळ्या पृथ्वीभोवती तांबडे कडे दिसले असते. पृथ्वीवर त्या वेळी चाललेले सारे सूर्योदय आणि सूर्यास्त त्या एका कड्यात सामावलेले! वातावरणात धूळ अधिक असेल, तर चंद्र अधिक काळवंडतो. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर डिसेंबर १९९२ मधील ग्रहणात चंद्र फार अंधुक दिसला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी ग्रहणाच्या उजळपणासाठी ० ते ४ अशी श्रेणी सुचवली. जवळजवळ दिसेनासा होणारा चंद्र ०, तर लख्ख तांबूस-नारिंगी चंद्र ४. तुमच्या छायाचित्रासोबत ही श्रेणीही लिहा.

रंग खरा यावा म्हणून एक काळजी घ्या. कॅमेऱ्यातील 'व्हाइट बॅलन्स' ऑटोवर न ठेवता सूर्यप्रकाशावर ठेवा. नाहीतर कॅमेरा तांबडेपणा हा दोष समजून तो पुसण्याच्या मागे लागतो. शक्य असल्यास चित्र 'रॉ' स्वरूपात साठवा. अनेक मोबाईल चित्र आपोआप 'सुधारतात'. शोभेच्या चित्राला ते चालेल. पण मोजमापाला तशी सुधारणा घातक, म्हणून ती बंद करा.

चंद्र किती मोठा येईल?

चंद्राचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने लेन्समागे पडणारी चंद्राची प्रतिमाही नाभीय अंतराच्या १/११० इतकी येते. २०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर प्रतिमा सुमारे १.८ मिलिमीटर, १००० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण असेल, तर सुमारे ९ मिलिमीटर. मोबाईलच्या मुख्य लेन्सचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ५-६ मिलिमीटरच असते. म्हणजे प्रतिमा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी! मग चित्र कितीही ताणून मोठे केले, तरी तपशील कोठून येणार? मोबाईलच वापरायचा असेल, तर शाळेच्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला त्याची लेन्स लावून पाहा. हात स्थिर राहणार नाही, म्हणून मोबाईल बसवण्यासाठी पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा आधार करा.

थरथर आणि पृथ्वीचे फिरणे

लांब लेन्स चंद्राइतकीच हाताची थरथरही मोठी करते. म्हणून तिपाई हवीच. शटरचे बटण बोटाने दाबू नका; दोन सेकंदांचा टायमर लावा. फोकस स्वतः चंद्राच्या कडेवर जुळवा आणि मग त्याला हात लावू नका.

तिपाई पक्की असली, तरी पृथ्वी थांबत नाही. आकाश तासाला १५ अंश, म्हणजेच सेकंदाला १५ विकला सरकते. आपल्याच व्यासाइतके अंतर चंद्र सुमारे दोन मिनिटांत पार करतो. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर पिक्सेलची रुंदी ०.००३९ मिलिमीटर असेल, तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४ विकला. म्हणून एका सेकंदात चंद्र जवळजवळ ४ पिक्सेल सरकेल. त्या चित्रात चंद्राचा व्यास सुमारे ४६० पिक्सेल असल्याने हे खपून जाईल. १० सेकंदांत मात्र कडा पुसट होतील. म्हणून खग्रास अवस्थेत काळ फार वाढवण्यापेक्षा आयएसओ वाढवणे बरे.

दुसरे आणि तिसरे मोजमाप

आता भूमितीकडे वळू. चंद्र तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ग्रासलेला असतानाचे एक चित्र निवडा. ते फार उजळ नको. नाहीतर चंद्र फुगलेला आणि छाया आक्रसलेली दिसेल. चित्र कागदावर छापून घ्या. छायेच्या वक्र कडेवर एकमेकांपासून दूर असे तीन बिंदू घ्या. ते जोडून दोन जीवा काढा आणि त्यांचे लंबदुभाजक काढा. जेथे ते छेदतील तो छायेचा मध्य. तेथून कडेपर्यंतची त्रिज्या मोजा. चंद्राचा व्यासही मोजा. छायेची कडा धूसर असते, त्यामुळे तीन-चार चित्रांवर हेच करून सरासरी घ्या. छायेचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे २.७ पट भरेल.

परंतु ही झाली चंद्राच्या अंतरावरील छाया. सूर्य पृथ्वीहून मोठा असल्याने छाया शंकूसारखी निमुळती होत जाते. किती? आकाशात सूर्य आणि चंद्र जवळजवळ सारख्याच, अर्ध्या अंशाच्या कोनाचे दिसतात. त्यामुळे चंद्रापर्यंत पोहोचताना छाया साधारण एका चंद्रव्यासाइतकी अरुंद होते. म्हणजे पृथ्वीचा व्यास २.७ + १ = ३.७ चंद्रव्यास. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. त्याला ३.७ ने भागले की चंद्राचा व्यास सुमारे ३,४४४ किलोमीटर येतो. खरा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. चूक एक टक्क्याहूनही कमी!

राहिले अंतर. सेन्सरची रुंदी भागिले आडव्या ओळीतील पिक्सेलची संख्या, ही एका पिक्सेलची रुंदी. तिला चंद्राच्या व्यासातील पिक्सेलच्या संख्येने गुणा, की प्रतिमेचा आकार मिळेल. नाभीय अंतराला त्या आकाराने भागा. भागाकार ११० च्या आसपास येईल. चंद्र कधी जवळ, कधी दूर असल्याने तो थोडा बदलतो. ३,४४४ × ११० = ३,७८,८४० किलोमीटर. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. ग्रीक विद्वान ॲरिस्टार्कस याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात असाच मार्ग धरला होता. त्याने छाया चंद्राच्या दुप्पट रुंद मानली. आपल्या आर्यभटाने इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीय' ग्रंथात ग्रहणाचे कारण छाया हेच सांगितले आणि छायेचा व्यास काढण्याची रीतही दिली. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता; तुमच्याजवळ आहे.

तालीम कशी कराल?

ग्रहणाची वाट पाहत बसू नका. येत्या पौर्णिमेला एफ/११ चा नियम पडताळून पाहा. शुक्ल द्वितीयेची किंवा तृतीयेची कोर आली की आधी उजळ कोरीचे आणि मग उरलेल्या अंधुक चंद्रबिंबाचे चित्र घ्या. तो अंधुक भाग पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने दिसतो आणि कोरीपेक्षा हजारो पटींनी मंद असतो. ग्रहणाची याहून चांगली रंगीत तालीम नाही.

ग्रहणाच्या दिवशी कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी सेकंदापर्यंत जुळवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी खिशात ठेवा. डिसेंबरातील पूर्णचंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो; तिपाई तितकी वर वळते का, हे आधीच पाहा. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून पाहण्यात कसलाही धोका नाही. सूर्यग्रहणाला मात्र यातला एकही नियम लावू नका. योग्य गाळणीवाचून सूर्याकडे डोळा किंवा कॅमेरा रोखणे घातक आहे.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर्गातील मुलांचे गट करा. एकाने चित्र घ्यावे, दुसऱ्याने वेळ आणि तिन्ही किल्ल्यांचे आकडे वहीत उतरवावेत, तिसऱ्याने दांजाँ श्रेणी ठरवावी. दुसऱ्या दिवशी सर्व गटांची उत्तरे फळ्यावर मांडा. ती थोडी थोडी वेगळी येतील. ती वेगळी का आली, याची चर्चा वर्गात झाली, तर तो भौतिकशास्त्राचा उत्तम तास होईल.